मेक शिकताय? ‘क्लीन मारून बघ’ हा सल्ला ऐकण्याआधी

सी येतं, टर्मिनलची भीती गेली आहे आणि जीसीसीने एखादी फाइल कंपाइल करता येते, एवढं इथे गृहीत धरलं आहे. मेक म्हणजे कुठल्या फाइली पुन्हा कंपाइल करायच्या ते ठरवून तेवढ्याच करणारं साधन, त्याला सूचना मेकफाइलमध्ये लिहून देतात. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल पॅकेज टाकलं की जीएनयू मेक मिळतो. विंडोजवाल्यांनी सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतलं लिनक्स) घ्यावं, बाकीच्या खटपटीत आठवडा जातो. मॅकवर ॲपल 3.81 ही 2006 सालची आवृत्ती देतं. शिकायला ती पुरते, पण नव्या आवृत्तीतला एखादा पर्याय चालला नाही तर आधी तिच्यावर संशय घ्या. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमनमध्येच.)

टॅबचं लवकर उरकू. रेसिपीची, म्हणजे मेकफाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञांची, प्रत्येक ओळ टॅबने सुरू व्हायला हवी, स्पेसने नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिला, तेव्हापासून हे असंच आहे आणि आता बदलणार नाही. ‘मिसिंग सेपरेटर’ दिसलं की त्या ओळीवर कॅट -ए (कॅपिटल ए; मॅकवर -ईटी) चालवा. टॅब असेल तर टोपीचं चिन्ह आणि आय दिसतो, स्पेस असतील तर नुसती मोकळी जागा. पीडीएफमधून किंवा व्हॉट्सॲपवरून मेकफाइल चिकटवली की हे हमखास होतं. ही एरर घेऊन रात्रभर गूगल करत बसू नका, एडिटरमध्ये मेकफाइलपुरतं ‘टॅबचे स्पेस करा’ बंद करा आणि विषय संपवा.

खरा सापळा असा आहे की त्यात एररच येत नाही.

मेकला सी कळत नाही. तो फाइलींच्या वेळा बघतो, बस. टार्गेट (जी फाइल बनवायची ती) जागेवर नसेल, किंवा तुम्ही लिहून दिलेल्या डिपेन्डन्सींपैकी (ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या फाइलींपैकी) एखादी टार्गेटपेक्षा नवी असेल, तर रेसिपी चालवायची, नाहीतर गप्प बसायचं. तुम्ही जे लिहिलं नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि बहुतेक नवशिके डिपेन्डन्सींत हेडर लिहीत नाहीत, कारण ‘%.ओ: %.सी’ (कुठलीही .ओ तिच्या .सी वरून बनव) एवढ्यावर सगळं छान चालतं.

उदाहरण घ्या. खाते.एच मध्ये एक स्ट्रक्ट आहे: इंट क्रमांक, इंट बाकी. नेहमीच्या मशीनवर एकूण 8 बाइट. खाते.सी मध्ये खात्यांचा ॲरे छापणारं फंक्शन आहे, मेन.सी मध्ये तो ॲरे भरला जातो. आता तुम्ही स्ट्रक्टच्या शेवटी इंट शाखा घातलं आणि मेन.सी मध्ये तिची किंमत भरली. मेक चालवला. मेन.सी बदललं म्हणून मेन.ओ नवीन झालं. खाते.सी ला हात लागला नव्हता, म्हणून खाते.ओ जुनंच राहिलं. लिंकरने दोन्ही निमूट जोडली, कारण सी मध्ये तो फक्त नावं जुळवतो, स्ट्रक्ट केवढं आहे हे तो विचारत नाही.

आता मेन.ओ च्या मते एक खातं 12 बाइटचं आहे आणि खाते.ओ च्या मते 8. पहिलं खातं अगदी बरोबर छापलं जातं. दुसऱ्याच्या क्रमांकाच्या जागी पहिल्याची शाखा येते आणि बाकीच्या जागी दुसऱ्याचा क्रमांक. तुम्ही लूप तपासता, पॉइंटर तपासता, जीडीबी (डीबगर) लावता. कोडमध्ये चूक नाहीच, तर सापडणार कुठून? शेवटी शेजारच्या डेस्कवरून सल्ला येतो, ‘मेक क्लीन मारून बघ.’ त्याने आधी बनलेल्या फाइली पुसल्या जातात, मग मेक सगळं नव्याने बनवतो आणि चालतं. आणि तिथेच वाईट सवय लागते.

क्लीनने बरं होतंय याचा अर्थ मेकफाइल अपुरी आहे. दर वेळी क्लीन करायचं असेल तर मेक वापरायचाच कशाला, चार ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. जो सीनियर क्लीन सांगून निघून जातो त्याच्यापेक्षा ‘मेक -एन (आज्ञा न चालवता नुसत्या दाखवणारा) काय दाखवतो ते वाच’ म्हणणारा धरून ठेवा, भले तो तिरसट असो.

उपाय दोन ओळींचा आहे. कंपाइलरच्या फ्लॅगमध्ये -एमएमडी आणि -एमपी घाला. पहिल्यामुळे जीसीसी प्रत्येक .ओ सोबत एक .डी फाइल लिहितो, तिच्यात त्या फाइलने घेतलेली तुमची सगळी हेडर असतात (सिस्टिमची वगळून). दुसऱ्यामुळे, एखादं हेडर पुढे काढून टाकलंत तर मेक ‘नो रूल टु मेक टार्गेट’ म्हणून अडून बसत नाही. मग मेकफाइलच्या अगदी तळाशी -इन्क्लूड लिहून सगळ्या .डी फाइली आत घ्या. तळाशी अशासाठी, की वर घेतल्या तर त्यांच्यातलं पहिलं टार्गेट हेच डीफॉल्ट ठरतं आणि नुसतं ‘मेक’ म्हटल्यावर एकच .ओ बनून काम थांबतं. इन्क्लूडच्या आधीची डॅश विसरू नका. पहिल्या वेळी .डी फाइली नसतातच, तेव्हा डॅश नसेल तर एरर येते.

हे दोन फ्लॅग घातल्यावर मात्र एकदा क्लीन कराच. जुन्या .ओ ना .डी नाहीत, आणि फ्लॅग बदलल्याचंही मेकला कळत नाही. ते कळावं म्हणून नियम ‘%.ओ: %.सी मेकफाइल’ असा लिहा. रेसिपीत $< (पहिली डिपेन्डन्सी) वापरा, $^ (सगळ्या डिपेन्डन्सी) नको, नाहीतर मेकफाइलच कंपाइलरच्या हातात जाईल. कमांड लाइनवरून दिलेले फ्लॅग यातूनही सुटतात, तेवढं लक्षात असू द्या.

जमलं की नाही ते असं तपासा: टच खाते.एच (फाइलीची वेळ आत्ताची होते), मग मेक -एन. हे हेडर जितक्या .सी फाइली घेतात तितक्या कंपाइलच्या ओळी आणि एक लिंकची ओळ दिसली पाहिजे. कमी दिसल्या तर पुढचं फीचर लिहू नका, आधी हे निस्तरा.

वेळेवरच सगळा भरवसा असल्यामुळे वेळच चुकली तर मेकही चुकतो. बॅकअपमधून जुनी तारीख राखून फाइल परत आणली की मजकूर बदललेला असूनही मेक हलत नाही. नेटवर्क ड्राइव्हवर ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ आलं तर दुर्लक्ष करू नका, दोन मशीनची घड्याळं जुळत नाहीत.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, घाबरायचं कारण नाही. ‘नथिंग टु बी डन’ ही एरर नव्हे. मेक टेस्ट म्हटल्यावर ‘अप टु डेट’ येत असेल तर टेस्ट नावाचा फोल्डर शेजारी आहे का बघा आणि टेस्टला .फोनी (फाइल नसलेल्या टार्गेटांची यादी) मध्ये टाका. रेसिपीची प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, म्हणून एका ओळीत केलेलं सीडी पुढच्या ओळीला लागू होत नाही, दोन्ही && ने जोडा. शेलचा डॉलर हवा असेल तर $$ लिहा.

दोनशे ओळींची तयार मेकफाइल कुणाकडून उचलू नका, एआयकडूनही नको. दहा ओळी स्वतः लिहा. ‘थेट सीमेक शिक’ हाही सल्ला मिळेल. नोकरीत तो लागेलच, पण लिनक्सवर तोसुद्धा डीफॉल्टने मेकफाइलीच तयार करून देतो आणि बिल्ड मोडला की निरोप मेकचाच वाचावा लागतो.

तो निरोप वाचायचा कसा, तेही सांगतो. शेवटी दिसणारं तीन ताऱ्यांचं ‘एरर 1’ म्हणजे मेकने चालवलेली आज्ञा 1 देऊन संपली, एवढंच. खरी तक्रार त्याच्या वर असते. -जे 8 ने आठ कामं एकदम चालू असतील तर ती बरीच वर आणि इतरांच्या ओळींत मिसळलेली सापडते. अशा वेळी -जे काढून पुन्हा चालवा. आणि -जे शिवाय चालणारा बिल्ड -जे लावल्यावर मोडत असेल तर पुन्हा तेच: कुठलीतरी डिपेन्डन्सी लिहायची राहिली आहे.