घर घेताना एरिया कसा निवडायचा

फ्लॅट आवडला नाही तर आतून बदलता येतो पण एरिया बदलता येत नाही, म्हणून आधी एरिया फायनल करा मग घर शोधा. दोन-तीन एरिया शॉर्टलिस्ट केले की प्रत्येक ठिकाणी किमान तीनदा जा, एकदा सकाळी ऑफिसच्या वेळेला, एकदा रात्री दहानंतर, आणि एकदा जोरदार पाऊस पडून गेल्यावर. पावसानंतरची चक्कर तर चुकवूच नका, कारण पाणी कुठे तुंबतं, खालच्या पार्किंगमध्ये शिरतं का, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं, आणि जुन्या भिंतींवर पाण्याची रेघ दिसली तर ती किती उंच आहे तेवढं नक्की बघा.

ऑफिसचा रस्ता मॅपवर बघून ठरवू नका, खऱ्या गर्दीच्या वेळेला स्वतः जाऊन या. रोज एका बाजूला 20 मिनिटं जास्त लागली तर महिन्याच्या 25 दिवसांत जवळजवळ 17 तास जातात, हे मला फार मोठं वाटतं.

शाळा, दवाखाना, बस हे बघालच. पण शेजारी मोकळा प्लॉट असेल तर तिथे पुढे काय येणार ते शहराच्या विकास आराखड्यात बघून घ्या. एजंटपेक्षा तिथे भाड्याने राहणाऱ्यांशी बोला, त्यांना काही विकायचं नसतं त्यामुळे ते पाण्याचं, आवाजाचं सगळं खरं सांगतात. जमत असेल तर आधी सहा महिने तिथेच भाड्याने राहून बघा.