ढग गडगडले की लेक कॉटखाली जायची, त्यावर आम्ही काय केलं

आम्ही कोल्हापूरला राहतो, त्यामुळे एप्रिल-मे मधे वळीव म्हणजे रोजचंच, चार वाजले की अंधारून येतं आणि मग सुरू. लेक साडेचार वर्षांची, पहिला गडगडाट झाला की थेट कॉटखाली, कानावर हात, रडून रडून उलटी पण करायची. सुरवातीला आम्ही 'काही होत नाही गं, घाबरट कुठली' असं म्हणायचो, ते साफ चुकलं, ती अजूनच चिकटून बसायला लागली. आज्जीने म्हातारी हरभरे भरडतेय ची गोष्ट सांगितली तर दोन दिवस बरं वाटलं, मग ती म्हातारीलाच घाबरायला लागली 😄

शेवटी उपयोग झाला तो मोजण्याचा. वीज दिसली की दोघींनी मोठ्याने एक, दोन, तीन म्हणायचं, आवाज आला की थांबायचं. आवाज साधारण ३ सेकंदात एक किलोमीटर येतो, म्हणजे नऊ आले तर वीज तीन किलोमीटर लांब. तिला किलोमीटर कुठलं कळतंय, पण रंकाळा, आज्जीचं घर असं लांब-जवळ कळतं. आता आवाज अचानक येत नाही ना, ती वाटच बघत असते. मोजायचं मात्र घरात बसून, खिडकी लावून, कारण तीन किलोमीटर म्हणजे काही सेफ अंतर नाही.

परवा वीज चमकली तर मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं, 'आई मोज ना लवकर'. रात्री झाला तर अजून कुशीत येतेच, येऊ दे.