रिलोडिंग प्रेससाठी अडॅप्टर बुश: घरच्या लेथवर

अमेरिकेत वापरलेली काडतुसे घरीच पुन्हा भरणाऱ्या नेमबाजांच्या मोठ्या प्रेसच्या (काडतूस दाबून भरायच्या हातयंत्राच्या) फ्रेमला बहुधा 1¼ इंच व्यासाचे, इंचाला 12 असे आटे असतात. डायचे (काडतुसाला आकार देणाऱ्या साच्याचे) आटे मात्र 7/8 इंच, इंचाला 14. दोन्हींमधला बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी, हाच हा अडॅप्टर. (भारतात काडतुसे भरायला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.)

फ्रेमचे आटे शाबूत असतील तर तयार बुश विकत घ्या, उगाच लेथ चालवू नका. जुन्या प्रेसचे आटे झिजून बुश खुळखुळत असेल, तरच हा खटाटोप.

12एल14 पोलादाचा (सहज कापले जाणारे, शिसे मिसळलेले पोलाद) 38 मिमी व्यासाचा बार घ्या. फेसिंग (टोक सपाट करणे), ड्रिलिंग, मग 20.6 मिमीपर्यंत बोअरिंग (टूलने भोक मोठे करणे). आतले आटे टूलने पाडा आणि शेवटचा हात टॅपने (भोकात आटे पाडणाऱ्या हत्याराने) फिरवा. नुसता टॅप घुसवला तर तो वाकडा जातो, मग डायही तिरकी बसते. टॅपला टेलस्टॉकचा (लेथच्या चकसमोरच्या सरकत्या आधाराचा) आधार द्या.

बाहेरचा व्यास 31.65 मिमी करा. बारचे मागचे 6 मिमी पूर्ण जाडीचे ठेवायचे, ती कॉलर. कॉलरला लागून 4 मिमी रुंद खाच 28.9 मिमी व्यासापर्यंत उतरवा, म्हणजे टूलला थांबायला जागा राहते. कॉलरची खालची बाजूही याच पकडीत फेस करा. आतले आटे, बाहेरचे आटे आणि ही बाजू पूर्ण होईपर्यंत जॉब (कापायचा तुकडा) चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढायचा नाही. उलटवून पुन्हा पकडलात की दोन्ही आट्यांचे मध्य जुळत नाहीत. डायल गेज लावून जुळवू म्हणणाऱ्यांचे ऐकू नका.

आता खरी कसोटी. फ्रेम झिजलेली, म्हणून बुशचा व्यास वाढवायचा, हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. आटा त्याच्या उतरत्या बाजूंवर बसतो, माथ्यावर नाही. जाड माथा फ्रेमच्या आट्यांच्या तळाला अडतो आणि बाजू सैलच राहतात. व्यास तोच ठेवा, आटा कमी खोल पाडा. पूर्ण खोली साधारण 1.3 मिमी; 1.15 ला थांबून फ्रेम लावून बघा. त्यासाठी प्रेस टेबलावरून सोडवून लेथपाशी आणावी लागते. हँडल आणि रॅम (वर-खाली सरकणारा दांडा) आधी काढा, फ्रेमचे आटे ब्रशने साफ करा, जॉबवरचे बारीक काठ ब्रशने घासा. मग प्रत्येक वेळी 0.02 मिमी, त्याहून जास्त नाही. तेल लावल्यावर फ्रेम हाताने फिरली पाहिजे. पाच-सहा आटे चढल्यावर हलवून पाहिली तर डुलता कामा नये. लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे नेणारा लेथचा लांब स्क्रू) मेट्रिक असेल तर हाफ नट (टूलला त्या स्क्रूशी जोडणारा उघडता नट) अजिबात उघडू नका, लेथ उलटा फिरवून मागे या. उघडलात की टूल जुन्या घळीत परत बसत नाही.

पार्टिंग करा, म्हणजे बुश बारपासून कापून वेगळा करा. कॉलरवर पान्यासाठी समोरासमोर दोन सपाट्या घाला.

वरची बाजू राहिली, आणि डायची लॉक रिंग टेकते ती तिथेच. चकमधल्या बारवर 7/8-14 आटे पाडा, बुश बारच्या खांद्याला (आटे संपतात तिथल्या जाड पायरीला) टेकेपर्यंत त्यावर चढवा आणि वरची बाजू फेस करा. कापाच्या जोराने बुश आणखी घट्ट होतो, सुटत नाही. मात्र तो बार चकमध्ये पाडला तसाच राहू द्या. काढून पुन्हा लावलेला चालत नाही.