नववीच्या वर्गात अख्खी कादंबरी वाचून घ्यायची तर

कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकात ‘स्थूलवाचन’ म्हणजे भरभर वाचायचे पाठ असतात, पण पूर्ण कादंबरी वर्गात वाचून घेणं हे त्याहून निराळं काम आहे. पाठ शिकवायच्या सवयीने ते केलं की हमखास फसतं. मुलं पहिल्याच आठवड्यात ताडतात की हाही एक धडाच आहे, आणि मग गाईडछाप उत्तरं सुरू होतात: ‘या प्रसंगातून लेखकाने मैत्रीचे महत्त्व पटवून दिले आहे.’ खालची आखणी ४८ मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांची तासिका, आठवड्याला २ तासिका आणि एकूण सहा आठवडे धरून केली आहे. तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: पुस्तकाबद्दलचं पहिलं वाक्य मुलाचं असावं, शिक्षकाचं नव्हे.

पुस्तक, प्रती आणि महिना

नायक किंवा नायिका मुलांच्याच वयाची, फार तर वर्षभराने मोठी असावी. पानं १५० ते २००. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्याच मुलाच्या तोंडून आणीबाणीच्या काळात घडते, त्यामुळे मुलं लगेच आत शिरतात. पण ती या मापापेक्षा जाड आहे, तिच्यात शिव्या आहेत आणि वर्गातल्या मुलीवर जडलेलं प्रेमही आहे. ती घ्यायची तर सहाऐवजी नऊ आठवडे धरा, आणि मुख्याध्यापकांशी आधी बोला, नंतर नाही. प्रकाश नारायण संतांच्या लंपन या शाळकरी मुलाच्या कथा वेगळ्या कारणाने सोयीच्या आहेत. प्रत्येक कथा आपल्यापुरती पूर्ण होते, म्हणून ज्या वर्गात हजेरी तुटक असते तिथे धागा हरवत नाही. त्यातली बेळगावकडची, कानडी वळणाची मराठी मात्र पहिल्या १०-१५ पानांना अडवते. तेवढी पानं शिक्षकानेच मोठ्याने वाचावीत. एकदा कानाला सवय झाली की मुलं स्वतःच त्या लकबीत बोलायला लागतात.

पालकांना चिठ्ठी पाठवा, पण चार ओळींचीच: पुस्तकाचं नाव, किती आठवडे चालणार, त्यात काय खटकू शकेल, आणि हरकत असेल तर दुसरं पुस्तक मिळेल. दुसरं पुस्तक खरोखर कपाटात असू द्या. आक्षेप बहुतेक वेळा एखादं सुटं पान पाहून येतो. आधी कळवलेलं असलं की तो वर्गाच्या दाराशी न येता शिक्षकाकडे येतो.

प्रती किती? दोघांत एक, म्हणजे २४, आणि शिक्षकाच्या कपाटात २ जास्तीच्या. जोडीतल्या एकाकडे सोमवार ते बुधवार, दुसऱ्याकडे गुरुवार ते शनिवार. पुस्तक नेलेला मुलगाच गैरहजर राहिला की ही व्यवस्था कोलमडते. कपाटातल्या दोन प्रती त्यासाठीच. एवढ्या प्रती एकदम घेताना प्रकाशकाकडे सवलत जरूर मागावी.

डिसेंबरात हे करू नका. स्नेहसंमेलन, सहल, क्रीडास्पर्धा यांत तासिका वाहून जातात आणि दोन आठवड्यांच्या खंडानंतर कादंबरी पुन्हा उभी राहत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू करून ऑगस्टच्या मध्याला संपवणं सगळ्यात बरं.

पानांचा हिशोब

मोठ्याने वाचताना एका पानाला दोन ते अडीच मिनिटं लागतात. म्हणजे अख्खी तासिका नुसती वाचली तरी १४ ते १७ पानं होतात, आणि २०० पानांना १२ ते १५ तासिका जातात. म्हणून सगळं पुस्तक वर्गात मोठ्याने वाचायचा हट्ट सोडावा. आठवड्याला ३५ पानं ठेवा. आपल्या वाट्याच्या तीन दिवसांत मुलाने रोज १२ पानं वाचली की ती होतात, साधारण अर्ध्या तासाचं काम.

आठवड्याची पहिली तासिका शनिवारी ठेवा, म्हणजे जोडीतल्या दोघांचंही वाचन झालेलं असतं. शिक्षकाने मोठ्याने ४ पानं वाचायची, नेहमी पुढच्या भागाची सुरुवात, आणि उत्सुकता ताणलेली असेल तिथे थांबायचं. मग जोडीतला एक जण दहा मिनिटं वाचतो, दुसरा नोंदवही लिहितो, नंतर अदलाबदल. आळीपाळीने मुलांकडून परिच्छेद वाचून घेऊ नये. अडखळणाऱ्याची फजिती होते आणि बाकीचे आपला परिच्छेद कधी येणार एवढंच मोजत बसतात.

नोंदवही

खरं काम इथे होतं. शंभर पानी वही, पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडे पुस्तकातलं एखादं वाक्य किंवा प्रसंग, पान क्रमांकासह. उजवीकडे ते वाचताना मनात काय आलं ते. आठवड्याला तीन नोंदी, प्रत्येकी पाच-सहा ओळी. ‘सारांश लिहायचा नाही’ हे फळ्यावर लिहून ठेवलं तरी पहिल्या आठवड्यात तीन चतुर्थांश वर्ग सारांशच लिहितो. त्यावर रागावण्यात अर्थ नाही, आठ वर्षं आपणच तो लिहायला लावलेला असतो.

समजा, गोष्टीतल्या मुलाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही केली आहे. पहिल्या आठवड्यातली नोंद अशी येते: ‘त्याने खोटी सही केली. खोटे बोलणे चुकीचे आहे.’ त्यावर लाल शाई नको, शेरा नको. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा: ‘सही करताना त्याचा हात थरथरतो असं लेखकाने का लिहिलं असेल?’ पुढच्या खेपेला तेच मूल लिहितं: ‘त्याला माराची भीती नाहीये. बाबा काहीच बोलणार नाहीत, नुसते बघतील, त्याची भीती आहे. माझे आजोबा असेच बघतात.’ या नोंदीत शुद्धलेखनाच्या चार चुका असतील. त्यांना हात लावू नका. एका ऱ्हस्व वेलांटीवर लाल खूण झाली की पुढची नोंद पुन्हा गाईडच्या भाषेत येते.

तपासणीचा बोजा आवरायचा तर आठवड्याला १२ वह्याच घ्या. प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे एका मोकळ्या तासिकेत काम होतं. चार आठवड्यांत सगळा वर्ग फिरून येतो.

काही नोंदी घरातल्या गोष्टींवर जातात: दारू, मार, जातीवरून झालेला अपमान. मुलाला पान दुमडायची मुभा द्या. दुमडलेलं पान वर्गात वाचलं जाणार नाही आणि त्यावर चर्चा होणार नाही. पण एक अपवाद पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं दिसलं तर शिक्षक गप्प बसणार नाहीत. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे, आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ आहे. हे आधी न सांगता नंतर पान उघड केलं, तर त्या वर्गात पुन्हा कुणी खरं लिहिणार नाही.

गटचर्चा

दुसरी तासिका सोमवारी, चर्चेची. बाकं हलवण्यात पाच मिनिटं आणि सगळी शांतता जाते, म्हणून पुढच्या बाकावरच्यांनी फक्त मागे वळून बसावं. चौघांचा गट आपोआप होतो, असे १२ गट. पहिल्या दोन बैठकांना प्रत्येकाकडे एक कामाची चिठ्ठी द्या: एक जण प्रश्न काढेल, एक जण मोठ्याने वाचण्याजोगा परिच्छेद निवडेल, एक जण अडलेले शब्द आणेल, एक जण आधीच्या भागाशी दुवा जोडेल. तिसऱ्या बैठकीपासून चिठ्ठ्या काढून घ्या. साहित्यवर्तुळांची ही पद्धत अमेरिकेत रुजवणाऱ्या हार्वे डॅनियल्स यांनीच पुढे बजावलं की अशा कागदांमुळे चर्चा यांत्रिक होते. मुलं आपली चिठ्ठी वाचून दाखवतात आणि मोकळी होतात.

चर्चेला २० मिनिटं पुरतात. तेवढ्या वेळात शिक्षकाने ‘यातून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. ‘कुठे थांबलात?’, ‘कुणाचं वागणं पटलं नाही?’, ‘कोणत्या पानावर?’ एवढं पुरतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. जे मूल नुसता सिनेमा किंवा यूट्यूबवरचा सारांश पाहून आलंय त्याला पान सांगता येत नाही, आणि दोघांत वाद झाला तर तो पुस्तक उघडूनच मिटतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. ती शांतता शिक्षकालाच जड जाते, मुलांना नाही.

‘प्रत्येकाचं मत बरोबर’ असं म्हणून मात्र सोडून देऊ नका. साहित्य कसं शिकवावं याच्या अमेरिकी अभ्यासक लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्ये वाचकाच्या प्रतिसादाची बाजू मांडली तीही याच अटीवर, की प्रतिसाद मजकुरात टिकला पाहिजे. नायक वाईट वाटला तर वाटू दे, पण ज्या पानावर तो वाईट वागलाय ते दाखवता यायला हवं.

शेवटचं लेखन आणि गुण

मुखपृष्ठाचं चित्र किंवा भित्तिपत्रक करायला देऊ नये. दोन तासिका जातात, आणि ते पुस्तक न वाचताही करता येतं. त्याऐवजी ३०० शब्दांत पुस्तकात नसलेला प्रसंग लिहायला द्या: खोट्या सहीचं प्रकरण वडिलांच्या तोंडून, किंवा नायक घरी पोचण्याआधी घरात काय चाललं होतं. असं लिहिताना पात्राची भाषा, वय, घर सगळं नीट आठवावं लागतं. कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतल्या, ‘स्वमत’ प्रश्नाची तयारी यातून आपसूक होते, पण हे मुलांना सांगितलं की ती पुन्हा ‘माझ्या मते’ने सुरुवात करतात.

गुण द्यायचेच तर १० पैकी: नियमित नोंदींना ४, मत पानाच्या आधारे मांडल्याबद्दल ३, आणि आधीचं मत का बदललं हे कुठेतरी लिहिलं असेल तर ३. मत कोणतं आहे याला गुण नाहीत.

सहा आठवड्यांनी पाच-सहा मुलांचं पुस्तक अर्धं राहिलेलं असेल. त्यांना शेवट सांगून टाकू नका, आणि शेवटाची चर्चा होईल त्या दिवशी त्यांना ग्रंथालयात बसवून वाचू द्या. पुस्तकं कपाटात परत गेली की प्रती मोकळ्याच असतात. राहिलेल्यांच्या नावावर महिनाभरासाठी नोंदवून घरी द्या.