सेमिनरी हिल्सला लेकरांना नेताय? आधी जंगल, मग खेळ

नागपुरात सेमिनरी हिल्सला लहान मुलांना घेऊन जाणार असाल, तर क्रम उलटा ठेवा. बहुतेक जण आधी बालोद्यानात शिरतात. मग लेकरं झोपाळा-घसरगुंडीवरून हलतच नाहीत आणि झाडीतली वाट राहून जाते. सकाळी पोहोचल्याबरोबर आधी चालून घ्या. पक्षी तेव्हाच दिसतात. खेळणी कुठे पळून जात नाहीत. वनबाला या छोट्या रेल्वेचं आमिष दाखवलं असेल, तर ती त्या दिवशी सुरू आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. फाटकापाशी रडणाऱ्या मुलाची समजूत घालणं फार जड जातं.

दुसरी गोष्ट ऋतूची. आपल्याकडचं जंगल पानगळीचं, त्यात सागही आहे. पावसाळ्यात सागाची पानं सुपाएवढी होतात, पण ऐन उन्हाळ्यात, नेमकी सावली हवी तेव्हा, फांद्या उघड्या पडतात. त्यामुळे ‘झाडीत जातोय, ऊन लागणार नाही’ हा हिशेब मे महिन्यात चुकतो. इथे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा नऊच्या आत परत फिरा. डोक्याला दुपट्टा आणि माणशी एक पाण्याची बाटली हवीच. माझ्या मते सप्टेंबर ते डिसेंबर हा उत्तम काळ.

आणि कळकळीची विनंती: वाळल्या पाचोळ्यात विडी-सिगारेट अजिबात नको. एका ठिणगीने सगळा उतार पेटतो.