जुनी कॅम्पर व्हॅन थेट मालकाकडून घेताना

फोर्स ट्रॅव्हलर किंवा मारुती ईकोमध्ये पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून केलेल्या छोट्या कॅम्पर व्हॅन हल्ली मालकांकडून थेट विकायला येतात. यांतल्या बऱ्याच गाड्या कंपनीतून तशा आलेल्या नसतात. कुठल्यातरी गॅरेजात, सुताराच्या आणि वायरमनच्या हातून त्या घडलेल्या असतात. त्यामुळे नुसतं इंजिन बघून सौदा करू नका.

आधी आरसी, मग गाडी. बघायला निघण्याआधीच आरसीचा फोटो मागवा आणि त्यातला ‘व्हेइकल क्लास’ वाचा. तिथं ‘कॅम्पर व्हॅन’ किंवा ‘मोटर कॅरॅव्हॅन’ असं हवं. ‘मोटर कार’ किंवा ‘ओम्नी बस’ लिहिलंय आणि आत मात्र पलंग आणि शेगडी आहे, तर बदलाची नोंद आरटीओत झालेली नाही, असं समजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. याचा फटका बसतो तो अपघातानंतर: विमा कंपनीचा सर्व्हेअर आरसी आणि गाडी समोरासमोर ठेवतो आणि विम्याचा दावा अडतो. अशा वेळी पन्नास हजार कमी करून गाडी पदरात पाडून घेऊ नका. मालकानं आधी नोंद करून द्यावी, नाहीतर तुम्ही दुसरी गाडी शोधा.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बँकेचा बोजा, विमा, फिटनेस आणि थकलेली ई-चलनं बघा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात हवा. ‘नंतर आणून देतो’ मान्य करू नका. आरसीवरचा मालक हयात नसेल तर आधी फॉर्म 31 नं वारसाच्या नावावर गाडी चढू द्या. कर्नाटक किंवा गोव्याच्या पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. किंमत ठरवताना तो धरा.

गाडी न बघता टोकन पाठवू नका. बदलीवर निघालेला जवान म्हणून स्वस्तात गाडी देणाऱ्यांचा सापळा जुना आहे. मालकाला त्याच्या घरीच भेटा, आधारवरचं नाव आरसीशी जुळवा, चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा घ्या.

पाणी कुठून शिरतं. या गाड्यांना सगळ्यात जास्त मारतं ते गळणारं छत. व्हेंट, सोलर पॅनेलचे स्क्रू, खिडक्यांसाठी कापलेला पत्रा, प्रत्येक भोक ही गळतीची जागा. गाडी पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता बघा. मे महिन्यात सगळ्या गाड्या कोरड्या असतात. उन्हाळ्यातच बघावी लागली तर छतावर पाइपानं पंधरा मिनिटं पाणी सोडायला सांगा आणि तुम्ही आत बसा. कपाटांचे वरचे कोपरे, गादीखालचं प्लायवूड, खिडकीखालची फळी अंगठ्यानं दाबा. मऊ लागलं किंवा प्लायचे थर सुटलेले दिसले, तर आतला पत्राही गंजलेला असू शकतो. ओलावा मोजणारं यंत्र मिळालं तर प्लायमध्ये 20 टक्क्यांच्या वरचा आकडा धोक्याचा. सिलिकॉनचे जाडजूड थर एकावर एक दिसले तर गळती अनेकदा ‘दुरुस्त’ झाली आहे. नवा रंग आणि नवी सनमायका फक्त एकाच कोपऱ्यात असेल, तर त्यामागे काय झालं होतं ते विचारा.

छताचा पत्रा कापताना आडवे बीम तोडले आहेत का, तेही बघा. तोडले असतील तर घाटात बॉडी करकरते आणि सांधे पुन्हा गळतात.

वजन. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. 150 एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या म्हणजे आणखी शंभरेक किलो. प्लायची कपाटं वेगळी. टाक्या भरून गाडी वजनकाट्यावर न्या आणि आकडा चॅसिसच्या पाटीवरच्या एकूण वजनाशी ताडा. ईकोसारख्या गाडीत माणसं बसायच्या आधीच मर्यादा जवळ येते. मागचे दबून बसलेले पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि एका बाजूला कललेली गाडी हे बहुधा जादा वजनाचं लक्षण. मागच्या सीटचे बेल्ट प्लायला ठोकलेले असतील तर ती सीट प्रवासात वापरायची नाही.

गॅस आणि वीज. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळाला तर खाली साचतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूनं बंद आणि तळाशी बाहेर उघडणाऱ्या झरोक्याचा हवा. सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. सिलिंडरच्या कड्यावर ‘बी-27’ असं काही असेल तर एप्रिल ते जून 2027 मध्ये त्याची चाचणी करायची असते. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका.

आतल्या दिवे-फ्रिजसाठी बसवलेल्या वेगळ्या बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज नसेल तर आगीचा धोका आहे. नुसत्या टेपनं गुंडाळलेले जोडही तसेच. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली आणि शांत असताना 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते. फ्रिज आणि पंखा तासभर चालवा. आकडा 12 च्या खाली घसरला तर बॅटरी बदलायचा खर्च धरा. लिथियमला मात्र व्होल्टवरून जोखता येत नाही, तिच्यावर जास्त वेळ लोड देऊनच कळतं.

चालवून बघा. इंजिन थंडच ठेवायला आधी सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. थंड स्टार्टला निळा धूर तेलाचा, थांबता न थांबणारा पांढरा बहुधा कूलंटचा. निदान 30 किलोमीटर चालवा, त्यात एक चढ-उतार हवा. या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, म्हणून टायर नवे दिसले तरी बाजूवरचे चार आकडे वाचा: 1821 म्हणजे 2021 चा अठरावा आठवडा. ब्रेक दाबताना एका बाजूला ओढ जाणवली तर कॅलिपर किंवा ड्रम गंजून अडकलेला असू शकतो.

पैसे आणि नाव. पैसे आरसीवरच्या नावाच्या खात्यातच, आरटीजीएसनं. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर समोर सह्या घ्या. डिलिव्हरी नोटवर तारीखच नव्हे तर वेळही लिहा, कारण त्या क्षणापर्यंतचं चलन विकणाऱ्याचं आणि पुढचं तुमचं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदणीत ज्याचं नाव तोच अपघाताला जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. तेव्हा नाव बदलायची घाई मालकालाही असायला हवी. तो टाळाटाळ करत असेल तर थांबा. विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून हप्ता वाढेल. त्याच वेळी पॉलिसीत शेगडी, फ्रिज, बॅटरी आणि सोलर यांची किमतीसह नोंद करायला सांगा.