लाल शैवाल ओळखावे कसे : कोल्हापूरच्या अभ्यासकांसाठी

लाल शैवालांच्या सुमारे ७,००० ज्ञात जातींपैकी बहुतेक सगळ्या समुद्रात वाढतात, त्यामुळे कोल्हापूरकराने या अभ्यासाचा आरंभ घाट उतरूनच करावा. गोड्या पाण्यातील बॅट्राकोस्पर्मम हे लाल शैवाल स्वच्छ, सावलीतल्या, वाहत्या ओढ्यांत मिळते. मात्र ते बहुधा हिरवट किंवा तपकिरी दिसते. उलट डबक्यावर पसरलेला लाल थर पुष्कळदा ॲझोलाचा असतो आणि ॲझोला हे नेचे आहे.

फोंडा घाटाने देवगड-कुणकेश्वरच्या कातळावर जायचे असल्यास पंचांग पाहून दिवस ठरवावा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि तिच्या साधारण सहा तास आधी ओहोटी असते. अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे अंधारात येते, म्हणून त्यानंतरची द्वितीया किंवा तृतीया निवडावी. तेव्हा पाणी पुष्कळ मागे जाते आणि सकाळी सात-आठच्या सुमारास उजेडही चांगला असतो. मालवणचे सागरी अभयारण्य मात्र टाळावे.

कातळावर लाल रंग शोधत फिरणे ही नवख्याची हमखास चूक होय, कारण कडक उन्हात वाढलेली लाल शैवाले काळपट जांभळी, शेवाळी किंवा पिवळटही दिसतात. प्रत्येक प्रकाराचा लहानसा तुकडा घेऊन तो समुद्राच्याच पाण्यात, सावलीत ठेवून आणावा.

घरी आल्यावर एक तुकडा थंड गोड्या पाण्यात खलून तासभर ठेवावा व पाणी गाळून घ्यावे. फायकोएरिथ्रिन हे लाल शैवालांतील लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळते, हरितद्रव्य विरघळत नाही. म्हणून लाल शैवालाचे पाणी गुलाबी होते आणि उन्हात बाजूने पाहिल्यास त्यात नारिंगी झाक चमकते. गरम पाण्यात बुडवल्यावर तुकडा हिरवा होतो, या कसोटीवर काही जण विसंबतात, परंतु तपकिरी शैवालही तसेच हिरवे होते, म्हणून मी तिला पुरावा मानत नाही. काही नीलहरित शैवालांतही फायकोएरिथ्रिन असते; पण ती खरे तर जीवाणू असल्याने त्यांना पेशीकेंद्रक नसते, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशीकेंद्रक पाहणे आवश्यक ठरते. ताठर, सांधेदार तुकड्यावर लिंबाचा रस टाकल्यावर फेस आला, तर ते ॲम्फिरोआसारखे चुना साठवणारे शैवाल असू शकते.

नीलहरित शैवालाशी असलेले हे साम्य योगायोगाचे नाही. एका प्राचीन पेशीने नीलहरित जीवाणू पोटात घेतला व त्याचेच हरितलवक झाले. लाल शैवालांनी त्याची रंगद्रव्ये टिकवून ठेवली. पुढे लाल शैवालच गिळले गेल्याने डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाले) व तपकिरी शैवाल यांची हरितलवके आली. लाल शैवालांच्या जीवनचक्रात कोठेही कशाभिका (पोहण्यासाठीचा शेपटीसारखा तंतू) आढळत नाही, त्यामुळे त्यांची पुंयुग्मके (नर प्रजननपेशी) सुद्धा पाण्याबरोबर वाहत जातात. कॅनडाच्या आर्क्टिक भागातील बँगिओमॉर्फा हा सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म या गटाचा भक्कम पुरावा समजला जातो. चित्रकूट परिसरातील, २०१७ साली वर्णिलेले १६० कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म त्याहून जुने असले, तरी त्यांच्या ओळखीबाबत सावधपणेच बोलावे.

लाल शैवालांच्या प्रचलित वर्गीकरणात सात वर्ग आहेत. किनाऱ्यावर हाती लागणारी बहुतेक शैवाले फ्लोरिडिओफायसी वर्गातील असतात, ग्रासिलारिया हे त्यांतलेच, आणि चायना ग्रास म्हणून किराणा दुकानात मिळणारे अगार त्याच्यापासूनही काढतात. पॉर्फिरा बँगिओफायसी या दुसऱ्या वर्गात जाते. तिच्या पानासारख्या आणि शिंपल्यात वाढणाऱ्या सूक्ष्म तंतूसारख्या अवस्था वेगवेगळ्या वनस्पती समजल्या जात होत्या; त्या एकाच जीवाच्या आहेत, हे ब्रिटिश शैवालतज्ज्ञ कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी १९४९ साली दाखवले.

म्हणूनच केवळ आकार पाहून जातीचे नाव लिहू नये. नमुना परातीतील पाण्यात तरंगवून खालून जाड कागद सरकवावा, वर मलमलचे फडके घालून वर्तमानपत्रांत दाबावा आणि ती रोज बदलावीत. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, कातळावरील उंची व ताजेपणीचा रंग नोंदवावा आणि प्रजनन अवयव पाहीपर्यंत प्रजातीच्या (जीनसच्या) नावापुढची जातीची जागा कोरी ठेवावी.